शिफारसपत्र कोणत्या सरांचं घ्यायचं?

परवा आमच्या राजूर कॉलरीतली एक मुलगी घरी आली. परदेशातल्या विद्यापीठाचा अर्ज भरतेय. दोन शिक्षकांची शिफारसपत्रं पाहिजेत. म्हणाली, "काका, प्राचार्यांचं घेऊ का? बाबा तर म्हणतात आमदारसाहेबांचंच आणू."

आपल्याकडे पत्राचं वजन लेटरहेडवर ठरतं, म्हणून तिला बाबासाहेबांची गोष्ट सांगितली.

भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलचे विद्यार्थी. कृष्णराव अर्जुन केळुसकर मात्र विल्सन हायस्कूलचे शिक्षक, म्हणजे त्यांच्या वर्गावरचेही नव्हेत. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा हा पोरगा त्यांनी हेरला. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्कारात त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा केळुसकर गुरुजींनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. गुरुजींकडे ना सत्ता होती ना पैसा. पण पोरगा काय वाचतो, हे त्यांना ठाऊक होतं.

१९१३ ला बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं प्रा. सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र शिकले. १९१६ ला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला जाताना सेलिग्मननी तिथल्या संस्थापकांपैकी एक सिडनी वेब यांना पत्र लिहिलं. शिष्यवृत्ती संपली, शिक्षण अर्धवट सोडून भारतात परतावं लागलं. १९२० ला पुन्हा लंडन गाठलं, तेव्हा सेलिग्मननी पुन्हा पत्र दिलं, या वेळी प्रा. फॉक्सवेल यांना. चार वर्षांनीही सरांना विद्यार्थी आठवत होता!

आणि लंडनचे प्रा. कॅनन? रुपयाच्या प्रश्नावरच्या १९२३ च्या ग्रंथाला त्यांनी प्रस्तावना लिहिली. आपले मतभेद तिथंच स्पष्ट नोंदवले आणि तरीही विचारांच्या ताजेपणाचं कौतुक केलं. वाद घालणारा शिक्षकसुद्धा चांगली साक्ष देतो, कारण त्यानं तुमचं काम ओळ न् ओळ वाचलेलं असतं.

मी तिला विचारलं, "तुझी चूक कोणी दाखवली?" ती म्हणाली, "गणिताच्या सरांनी. प्रोजेक्ट तीनदा परत केला." म्हटलं, मग त्यांच्याकडेच जा. महिनाभर आधी जा. सोबत गुणपत्रिका, तो प्रोजेक्ट आणि शेवटची तारीख लिहिलेला कागद ने. "तूच लिहून आण, मी सही करतो," असं कोणी म्हणालं, तर समजून घे, ते पत्र तुझ्या कामाचं नाही.

चुनाभट्टीवर, खाणीत राबणाऱ्यांच्या घरात आमदाराची ओळख असेलच असं नाही. पण वही तपासणारे एक सर, एक मॅडम प्रत्येकाला भेटलेले असतात.

आणि शिक्षक मित्रांनो, पोरगं दारात आलं तर त्याला तासभर द्या. केळुसकर गुरुजींनी तेवढंच केलं होतं.

तुमचे केळुसकर गुरुजी कोण? कमेंटमध्ये नक्की लिहा.