मार्नच्या खोऱ्यातील सीमारेषा

कामगार संघटनेचा कार्यकर्ता व्यासपीठावर उभा राहून द्राक्षाच्या मद्याचा इतिहास सांगू लागला, म्हणजे काहींच्या कपाळाला आठ्या पडणे साहजिक आहे. परंतु पेल्याची तरफदारी करावयास आम्ही आलेलो नाही. मालाचा दर्जा कोण ठरवितो आणि त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हा आमचा विषय आहे. त्यासाठी फ्रान्समधील मार्न नदीच्या खोऱ्याइतके बोलके स्थळ आम्हांस दुसरे आढळले नाही.

पॅरिसच्या पूर्वेस, खडूच्या टेकड्यांच्या उतरणीवर हे मळे आहेत. शॅम्पेन हे प्रांताचे नाव. तेच तेथील फेसाळ मद्याला मिळाले. ओव्हिलेर गावच्या मठात दों पेरिन्यों हा संन्यासी १६६८ पासून १७१५ साली मृत्यू येईपर्यंत कोठाराची व्यवस्था पाहत होता. फेस त्याने शोधून काढला, ही दंतकथा होय. निरनिराळ्या मळ्यांतील द्राक्षे पारखून त्यांचा मेळ घालणे, ही त्याची खरी कामगिरी. काळ्या द्राक्षातून पांढरा रस काढावयाचा, तर साल आधी फुटता कामा नये. म्हणून घड हातानेच खुडावयाचा आणि हळुवार दाबावयाचा. पुढे बाटलीत साखर व यीस्ट घालून ती बंद करतात. मद्य पुन्हा आंबते आणि कोंडलेल्या वायूचा फेस होतो. म्हणजे दर्जाची पहिली पायरी तोडणाऱ्याच्या बोटांत आहे.

एकोणिसाव्या शतकात व्यापार मोठ्या पेढ्यांच्या हाती गेला. पेढ्यांचे नाव जगभर झाले. मळेकरी मात्र द्राक्षे वजनावर विकून पेढी देईल तो भाव घेत राहिला. १८९० साली मुळे कुरतडणारी फायलोक्सेरा ही कीड मार्नच्या खोऱ्यात शिरली. त्यातच पिके वारंवार बुडू लागली. अशा वेळी भाव चढावयाचा, तो चढेना. कारण काही व्यापारी लुआर नदीकाठचा आणि दक्षिणेकडचा स्वस्त माल रेल्वेने आणून त्यावर शॅम्पेनची चिठ्ठी लावीत होते.

१९०४ साली मळेकऱ्यांच्या संघांनी महासंघ उभारला. फ्रेंच भाषेत असल्या संघाला आणि कामगार संघटनेला शब्द एकच आहे, हे आम्हांस सूचक वाटते. १९०८ च्या डिसेंबरात सरकारने सीमा आखली, पण भेसळ थांबेना. १९१० चे पीक जवळजवळ हाती आलेच नाही. १९११ च्या जानेवारीत दाम्री आणि ओव्हिलेर येथे मळेकऱ्यांचा संयम सुटला; बाहेरच्या मद्याची पिंपे फुटली, माल मार्न नदीत गेला. फेब्रुवारीत कायदा झाला : बाहेरचे मद्य वेगळ्या तळघरात ठेवावे.

येथवर गोष्ट सरळ आहे. पण प्रत्येक सीमेला एक बाहेरची बाजू असते. दक्षिणेकडील ओब जिल्ह्याचे मळेकरीही पिढ्यान्‌पिढ्या पेढ्यांना द्राक्षे पुरवीत आले होते. रेषेने त्यांना एका फटकाऱ्यासरशी परके केले. त्यांनी कर थकविले, गावोगावच्या पंचायतींनी राजीनामे दिले, त्र्वा शहरात हजारोंचे मोर्चे निघाले. एप्रिलमध्ये सिनेट सीमा रद्द करण्याकडे झुकताच मार्नची बाजू पेटली. १२ एप्रिलला अई गावात व्यापाऱ्यांच्या इमारती जळाल्या आणि सरकारने फौज उतरविली. दोन्हीकडे कष्टकरीच होते, दोघांनाही पोटाची चिंता होती, आणि भांडण लागले ते एकमेकांत!

जूनमध्ये ओबला ‘दुय्यम विभाग’ म्हणून जवळ केले गेले. बरोबरीचे स्थान मिळावयास १९२७ सालचा कायदा यावा लागला. १९११ पासूनच गावांच्या प्रती लावून द्राक्षाचा दर ठरविण्याची रीत सुरू झाली. १९४१ साली, जर्मन ताब्याच्या काळात, मळेकरी व पेढ्या यांची समान प्रतिनिधित्वाची संयुक्त समिती स्थापन झाली. आज नियम बारकाईचे आहेत : तोडणी हातानेच, ४००० किलो द्राक्षांतून २५५० लिटरांहून अधिक रस काढावयाचा नाही, बाटली निदान १५ महिने तळघरात मुरली पाहिजे. २०१५ साली तेथील टेकड्या, पेढ्या व तळघरे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली.

असा हा दर्जा दंगलीतून, वाटाघाटीतून आणि संघटनेतून घडला. मात्र संघटना मळेकऱ्याची होती. तोडणीला येणारा हंगामी मजूर तिच्या बाहेरच राहिला. २०२३ च्या तोडणीत कडक उन्हात काम करणारे मजूर दगावले. त्याच हंगामात मजुरांना गलिच्छ जागेत कोंबल्याचे उघड झाले, आणि २०२५ साली शालोंच्या न्यायालयाने मानवी तस्करीबद्दल तिघांना शिक्षा दिली. द्राक्षाची साल फुटू नये म्हणून नियम आहे. ती जपणाऱ्या हातांसाठी तितकाच कडक नियम हवा. १९०८ सालच्या रेषेने ओबला बाहेर ठेवले, ती चूक सुधारावयास १९ वर्षे लागली. मजुराला आत घ्यावयास त्याहून अधिक वेळ लागू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.