जरीना आणि आमचं कॅम्प

२०१५ च्या फेब्रुवारीत बेळगावला ९५ वं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन भरलं, तेव्हा गावात बोलायला एकच विषय होता. सीमाप्रश्नाचा ठराव संमेलनात होणार की नाही? चहाच्या टपरीवर तेच, वाचनालयात तेच. आमच्या घरी मात्र ऐंशी ओलांडलेल्या आजीनं निराळंच विचारलं. "अध्यक्ष कोण म्हणलास? फैय्याज? कट्यारमधली जरीना?" मी हो म्हटलं, तशी ती उशी सरकवून उठून बसली आणि संध्याकाळपर्यंत बोलत राहिली.

आमचं घर कॅम्पात. बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत, पेठांत वाढलेल्या माणसाला कॅम्प थोडं परकं वाटतं, कारण ते इंग्रजांच्या छावणीभोवती वसलं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र जवळच, त्यामुळे घरटी एक तरी माणूस फौजेशी बांधलेला. आजोबा तिथल्या कचेरीत कारकून होते. एका बाजूला कोकणी बोलणारं ख्रिस्ती कुटुंब, दुसऱ्या बाजूला दखनी बोलणारं मुसलमान कुटुंब, आणि बाजारात उतरलं की कानडी. आजी या सगळ्यांशी आपल्या बेळगावी मराठीत बोलायची आणि सगळ्यांना ते कळायचं. पलीकडच्या घरातल्या बाईंना आम्ही सगळे खाला म्हणत असू. आजीची नाटकाची सोबतीण तीच.

आजीची आई शहापूरची. तिच्या तोंडून आजीनं ऐकलेलं नाटक म्हणजे गंधर्वांचं. बालगंधर्वांची मंडळी मुक्कामाला आली की बायका नाटकाला जायच्या त्या निम्म्या गाण्यासाठी आणि निम्म्या लुगडं नेसण्याची ढब बघायला. पुरुषानं नेसलेलं लुगडं बघून बायकांनी नेसायला शिकायचं, याचं त्या काळी कुणाला नवल वाटत नव्हतं. नवल वाटायचं ते बाई रंगमंचावर उभी राहिली तर. पणजीनं म्हणे एकदा घरात विचारलं होतं, की गाणाऱ्या बायका आहेत, मग नाटकात बाईचं काम बाईनं का करू नये? तिला गप्प बसवण्यात आलं. आजी ही हकिकत सांगताना अजून चिडते, आणि तिचं चिडणं मला योग्य वाटतं.

ज्या मुलखात पणजीला गप्प बसवलं, त्याच मुलखातून मराठी संगीत नाटक निघालं. अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली जन्मले ते गुर्लहोसूरला, आजच्या बेळगाव जिल्ह्यातल्या कानडी मुलखात. बेळगावात त्यांनी नोकरी केली. गोविंद बल्लाळ देवलांना नाटकाचा नाद लागला तो इथेच, त्यांच्या सहवासात. पुढे पुण्यात पारशी मंडळीचा गाण्यांनी भरलेला खेळ पाहून अण्णासाहेबांच्या मनात मराठीत तसं काही करायचं आलं, असं सांगतात. ३१ ऑक्टोबर १८८० ला 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक पुण्यात रंगमंचावर आले. त्यातल्या पदांना कानडी चालीसुद्धा आहेत. कालिदासाचं संस्कृत नाटक, पारशी खेळाची प्रेरणा, कानडी मुलखातले सूर आणि मराठी शब्द. ज्याला आपण अस्सल मराठी संगीत नाटक म्हणतो, ते जन्मतःच असं चार घरचं आहे.

बाईनं बाईचं काम करायला आणखी अर्धं शतक जावं लागलं. हिराबाई बडोदेकरांनी ते धाडस केलं, आणि १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या, त्यानंतर वाट मोकळी झाली. त्या वाटेनं पुढच्या पिढीत आल्या फैय्याज. सोलापूरच्या. तेही आमच्यासारखंच गाव, मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू एकाच रस्त्यावर ऐकू येणारं. मुसलमान घरातली मुलगी मराठी नाटकात येते, गाते आणि टिकते, हे आज वाचताना सोपं वाटतं. आजी आणि खालाच्या वयाच्या बायकांना ते सोपं नव्हतं, हे ठाऊक होतं.

१९६७ च्या डिसेंबरात 'कट्यार काळजात घुसली' आलं. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेची. खाँसाहेब आफताब हुसेन झाले वसंतराव देशपांडे. वसंतरावांनी पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कितीतरी वर्षं नोकरी केली होती. ही गोष्ट आमच्या आजोबांना फार जवळची. "आपल्यातला माणूस," म्हणायचे. खाँसाहेबांची मुलगी जरीना फैय्याज यांनी केली.

नाटक गावात लागलं तेव्हा आजी आणि खाला दोघी गेल्या. आजीच्या सांगण्यात नाटकाची गोष्ट थोडी आणि खालाच जास्त येते. पहिला अर्धा तास खाला गप्प होती. मराठी तिला कळायचं, पण नाटकातलं मराठी कसं असेल याची धास्ती होती. जरीना बोलायला लागली आणि खालानं आजीचा हात घट्ट धरला. "देख, ये तो अपने घर का बोल रही है!" नाटक सुटल्यावर टांग्यातून येताना तिनं जरीनाच्या गाण्याचा मुखडा तीनदा गुणगुणला. त्यानंतर गावात कुठलंही मराठी नाटक आलं, की तिकिटाचं आधी खालाच विचारायची. "कवा जाऊया गे?" असं, चक्क बेळगावी मराठीत.

जरीनाच्या कामात काय होतं, ते मी जुन्या ध्वनिमुद्रणांतून आणि थोरांच्या बोलण्यातून जुळवत आलो आहे. कट्यारमध्ये दोन गायकी एकमेकींसमोर उभ्या आहेत, दोन घराणी, दोन धर्म, आणि एक हट्टी बाप. या सगळ्याच्या मधे जरीना आहे. बापाची विद्या तिला कळते आणि बापाचं चुकतं तेही कळतं. गाण्याच्या घरात जन्मलेल्या मुलीला गाण्याचा किती अधिकार, हा प्रश्न ती भाषण न करता विचारते. हे काम नुसत्या गाणाऱ्या बाईला झेपलं नसतं, आणि नुसत्या नटीला तर नाहीच. बोलण्यातून गाण्यात जाताना सांधा दिसता कामा नये. फैय्याज यांच्या आवाजाला ठुमरीचा, गझलेचा ओलावा आहे. उर्दू शब्द त्यांच्या जिभेवर घरचा असतो आणि मराठी शब्द तितकाच घरचा. वसंतरावांच्या समोर उभं राहून आपला सूर विझू न देणं हीच मोठी कसोटी होती. माझ्या मते जरीनाचं त्यांनी जे केलं, त्याच्या जवळ पुढे फार थोड्या जणी पोचल्या.

पुढचं वेगानं सांगतो. कुसुमाग्रजांच्या झाशीच्या राणीवरच्या 'वीज म्हणाली धरतीला' नाटकातलं त्यांचं गाणं घरोघर पोचलं. 'घरकुल' चित्रपटातलं त्यांचं गाणं आकाशवाणीवर लागलं की आजी हातातलं काम टाकायची. रंगभूमीवर, पडद्यावर, मैफलीत त्या दशकांमागून दशकं राहिल्या, मानसन्मान आणि पुरस्कार मिळत गेले. तरी आजीच्या लेखी त्या जरीनाच.

कट्यारच्या याच पणशीकरांचं आणखी एक नाटक आमच्या भागाला चिकटलेलं आहे. आचार्य अत्र्यांचं १९६२ चं 'तो मी नव्हेच'. त्यातला लखोबा लोखंडे निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. त्या नाटकानं निपाणीचं नाव आणि आमचं सीमेवरचं बोलणं साऱ्या महाराष्ट्राला ओळखीचं केलं, पण एका भामट्याच्या तोंडून. निपाणीची माणसं त्यावर रागावली नाहीत, उलट पणशीकरांवर प्रेमच केलं. तरी मला वाटतं, सीमाभागातल्या मिसळलेल्या भाषेची खरी प्रतिष्ठा मराठी रंगमंचावर जरीनानं वाढवली. ती आमच्यासारखी बोलत नव्हती, पण दोन भाषा एकाच घरात सुखानं राहू शकतात, हे ती दाखवत होती.

आता त्या ठरावाकडे येतो. बेळगावचं संमेलन आणि ठराव हे नातं जुनं आहे. १९४६ मध्ये इथल्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, आणि आजही मराठी माणसं तो दिवस काळा दिवस म्हणून पाळतात. ही वेदना खरी आहे. माझ्या आजोबांनी ती शेवटपर्यंत बाळगली. म्हणून ठरावाचा आग्रह धरणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. पण त्या गदारोळात एक गोष्ट नीट सांगितली गेली नाही असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. मराठीचा हक्क मागणाऱ्या गावात, किर्लोस्करांच्या जिल्ह्यात, मराठी नाटकाच्या सर्वोच्च खुर्चीवर सोलापूरची मुसलमान गायिका-अभिनेत्री बसली होती, आणि ती तिथे कुणाच्या मेहरबानीनं नव्हे, कामाच्या बळावर बसली होती. मराठी कुणाची, याचं याहून सरळ उत्तर बेळगावला कुणी दिलेलं नाही.

आजीला संमेलनाला नेता आलं नाही, गुडघे साथ देत नव्हते. तिनं वर्तमानपत्रातला फोटो कापून ठेवला आणि मला सांगितलं, "खालाच्या सुनेला दाखवून ये, जा." मी गेलो. त्या सुनेनंही कट्यारमधली गाणी सासूकडूनच ऐकली होती. तिनं मला सासूच्या तोंडचे दोन-तीन किस्से सांगितले, ते आजीलाही ठाऊक नव्हते. आमच्या कॅम्पातल्या नाटकवेड्या बायकांचा तेवढाच इतिहास माझ्याकडे आहे.

बेळगाव, निपाणी, खानापूर, शहापूर इथल्या घरांत असे साक्षीदार अजून आहेत. कुणी कोणतं नाटक पाहिलं, कुणाबरोबर पाहिलं, घरी येऊन काय बोलणं झालं, हे त्यांच्याकडून आताच लिहून घ्या. आणि लिहायला बसाल तेव्हा ज्या घरांत मराठी ही दुसरी भाषा आहे, त्या घरांत आधी जा.