ताडोबा-अंधारी : व्याघ्र प्रकल्पालगतचा मानवी वावर

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये घोषित झाले, लगतचे अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये. दोन्ही मिळून सुमारे ६२५ चौ. किमी.चे गाभा क्षेत्र होते. त्याभोवती २०१० पासून सुमारे १,१०० चौ. किमी.चे बफर क्षेत्र आहे. आईपासून वेगळे झालेले तरुण वाघ स्वतःचा इलाखा शोधत याही पलीकडे, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीच्या धानाच्या बांध्यांपर्यंत जातात. त्यामुळे प्रकल्पात वाढलेला वाघ जगेल की नाही, हे बरेचदा प्रकल्पाबाहेरच ठरते.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपाने गोळा करणे हा येथील कुटुंबांचा हक्काचा रोजगार. मोह पहाटे टपकतो, म्हणून वेचणारेही उजाडण्याआधीच जंगलात असतात. खाली वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस वाघाला सावजासारखा भासत असावा, असे अभ्यासक मानतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी दगावल्या. या मजुरांना अतिक्रमणकर्ते ठरवणे अन्यायाचे आहे. त्यांच्याकडे उन्हाळ्यात दुसरे काम नसते.

शेतातला धोका वाघाच्या वाट्याला येतो. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी काही शेतकरी तारेच्या कुंपणात थेट वीज सोडतात. हा गुन्हा आहे. तरी एका रात्रीत उभे पीक गमावणाऱ्याची हतबलता त्यामागे असते. ‘जय’ या प्रसिद्ध वाघाचा वंशज ‘श्रीनिवास’ एप्रिल २०१७ मध्ये नागभीड परिसरात अशाच तारेला लागून मेला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. माग ठेवता आला, जीव वाचवता आला नाही. अशा तारेला पर्याय असलेले, सौरऊर्जेवर चालणारे ‘झटका मशीन’ जनावराला थोपवते, मारत नाही. सरकारी अनुदानातून ते अनेक गावांत पोहोचले आहे.

सर्वांत खोल ओरखडा मात्र उद्योगांचा आहे. चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आणि दुर्गापूरच्या कोळसा खाणी जंगलाला खेटून आहेत. खाणीतून उपसलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांवर झुडपे माजतात, तेथे रानडुकरे आणि मोकाट कुत्री येतात, त्यांच्या मागावर बिबटे व वाघ. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या आवारातच वाघाच्या हल्ल्यात एका कामगाराचा बळी गेला. वाघांच्या भ्रमणमार्गातील लोहारा येथील कोळसा खाणीचा प्रस्ताव २००९च्या सुमारास चंद्रपूरकरांच्या तीव्र विरोधामुळे मागे पडला. हा मार्ग राखण्यात नागरिकांनी घातलेली ही मोलाची भर होय.

गोंदिया-चंद्रपूर लोहमार्ग याच जंगलपट्ट्यातून जातो. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यावर वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली चिरडले गेले. असे मृत्यू अटळ नसतात. पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली प्राण्यांसाठी भुयारी वाटा ठेवल्या आहेत, आणि तेथील कॅमेऱ्यांत वाघही त्या वापरताना टिपले गेले.

माणसाचा प्रत्येक निर्णय जंगलाच्या विरोधातच जातो असे नाही. गाभ्यातील नवेगाव, जामणी ही गावे पुनर्वसनानंतर मोकळी झाली. जुन्या शेतांच्या जागी गवत वाढले आणि चितळ, गवे तेथे चरू लागले. बफरमधील गावांना २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून गॅसजोडण्या मिळाल्या. सरपणाची एक फेरी टळली की जंगलातला धोकाही तेवढा टळतो.

पर्यटनाने मोहर्ली, कोलारा, आगरझरीच्या तरुणांना मार्गदर्शक, जिप्सीचालक म्हणून काम दिले. कचराही आणला : २०२४च्या सुरुवातीस बफरमधील एक वाघ तोंडात प्लास्टिकची बाटली धरून जातानाचे चित्रण देशभर पाहिले गेले. जुलै ते सप्टेंबर गाभ्यातील सफारी बंद असते, बफरमधील काही प्रवेशद्वारे चालू राहतात. त्याच दिवसांत बफरमधल्या गावांत धानाची रोवणी चालते.