यादी कोणाची? मेसेंजरच्या जमान्यातली एक विसरलेली लढाई

२०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये 'अरट्टई'ची लाट आली होती, आठवतंय ना? झोहो कंपनीचं स्वदेशी मेसेजिंग अ‍ॅप. केंद्रीय मंत्र्यांनी आवाहन केलं, लोकांनी धडाधड डाउनलोड केलं. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी पुढे एकच केलं. अ‍ॅप उघडलं, कोण कोण आलंय ते पाहिलं, दहा-बारा नावं दिसली, दोन-चार जणांना 'हाय' टाकलं आणि परत व्हॉट्सअ‍ॅपवर. अ‍ॅपच्या गुणदोषांपर्यंत कुणी पोचलंच नाही. आपली माणसं तिकडे नव्हती, विषय संपला.

तेव्हा बरीच चर्चा देशभक्तीवर झाली, थोडी एन्क्रिप्शनवर झाली. पण खरा प्रश्न जुना आहे. आपल्या ओळखीच्या माणसांची यादी नेमकी कोणाच्या मालकीची, हा तो प्रश्न. आणि यावर एकदा कंपन्यांमध्ये जुंपलीही होती, तीही आपण सायबर कॅफेत याहू मेसेंजर उघडून बसत होतो त्याच काळात. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात त्याच्याही आधीची आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत एका मोठ्या संगणकावर अनेक जण काम करत. आत्ता कोण कोण बसलंय हे पाहायला एक आज्ञा होती, ती दिली की पडद्यावर यादी यायची. लोक त्या यादीवरून बोट फिरवत आपल्याला हवा तो माणूस शोधायचे. लेस अर्नेस्ट यांनी ते पाहिलं आणि माणूस शोधून देणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. नाव काय ठेवलं? 'फिंगर'. पण या यादीत संगणकावरचे सगळेच असत. 'माझी माणसं' अशी वेगळी यादी नव्हती.

ती घराघरांत पोचवली आयसीक्यूने. नोव्हेंबर १९९६ मध्ये इस्रायलच्या मिराबिलिस कंपनीतल्या चार तरुणांनी हा प्रोग्राम सोडला. प्रत्येकाला एक नंबर मिळायचा. मित्राचा नंबर घातला की तो यादीत येणार, आणि तो ऑनलाइन आला की त्याच्या नावापुढचं फूल हिरवं होणार. दीड वर्षात, जून १९९८ मध्ये, अमेरिकेच्या एओएलने ही कंपनी २८ कोटी ७० लाख डॉलरला विकत घेतली. प्रोग्राम फुकट वाटत होते, कमाई जवळपास शून्य होती. मग एओएलने एवढे पैसे कशाचे मोजले? लाखो माणसं आणि त्यांनी स्वतःच्या हाताने भरलेल्या याद्या, याचेच की.

आता एक तांत्रिक तपशील, पण महत्त्वाचा. आयसीक्यूच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये ही यादी तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर, हार्ड डिस्कवर राहायची. कॉम्प्युटर फॉरमॅट केला की यादी गेली. एओएलची स्वतःची 'बडी लिस्ट', १९९८ साली आलेला याहू पेजर (पुढच्याच वर्षी त्याचं याहू मेसेंजर झालं) आणि जुलै १९९९ मध्ये आलेला एमएसएन मेसेंजर, यांची यादी कंपनीच्या सर्व्हरवर राहू लागली. कुठल्याही कॉम्प्युटरवर बसा, आयडी-पासवर्ड टाका, सगळी मंडळी हजर.

आपल्याकडे याहू एवढं का रुजलं, याचं माझ्या मते हे एक मोठं कारण आहे. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सुरू केलं खरं, पण पुढची आठ-दहा वर्षं घरी कनेक्शन किती जणांकडे होतं? कॉलेजची पोरं कॅफेत तासाचे पैसे मोजून बसायची, आज या टेबलावर, उद्या त्या. ज्याची यादी टेबलाला चिकटलेली, तो प्रोग्राम इथे चालणारच नव्हता. मुलगा पुण्याहून न्यू जर्सीला गेला की आईवडील रात्री कोपऱ्यावरच्या कॅफेत जाऊन तो 'पेटलाय' का बघायचे. 'कसा आहेस, जेवलास का' हे सगळं रोमन लिपीत. म्हणजे सर्व्हरवरची यादी ही सोय होती आणि सोय म्हणूनच ती आपण आनंदाने दिली. मी त्याला फसवणूक म्हणणार नाही.

एमएसएनने तर यादीचं फार बारीक काम केलं होतं. आपल्याला खिडकीत एकच यादी दिसायची, पण सर्व्हरवर प्रत्येकाच्या नावे चार असायच्या. पहिलीत तुम्ही जोडलेली माणसं. दुसरीत तुम्ही ज्यांना परवानगी दिली ती. तिसरीत तुम्ही ब्लॉक केलेली. आणि चौथी म्हणजे उलटी यादी, ज्यांनी तुम्हाला त्यांच्या यादीत घातलंय त्यांची. कुणी तुम्हाला जोडलं की चौथीत नाव पडायचं आणि पडद्यावर प्रश्न यायचा: अमुक व्यक्तीने तुम्हाला जोडलं आहे, तुम्ही ऑनलाइन आहात हे तिला दिसू द्यायचं का? हो म्हणालात तर दुसऱ्या यादीत, नाही म्हणालात तर तिसऱ्या.

यातून एक मजेशीर घोळ व्हायचा. एखाद्याशी बिनसलं म्हणून त्याला आपल्या यादीतून काढलं, की लोकांना वाटायचं झालं काम. पण तुम्ही फक्त पहिल्या यादीतून नाव खोडलेलं असायचं. परवानगी तशीच राहायची, आणि तुम्ही कधी येता-जाता हे त्याला सुखेनैव दिसत राहायचं. ब्लॉक करणं वेगळं आणि काढणं वेगळं, हे कळायला अनेकांना वर्षं लागली. दुसरीकडे 'तुम्हाला कोणी ब्लॉक केलंय ते सांगतो' म्हणत पासवर्ड मागणाऱ्या वेबसाइट निघाल्या. पासवर्ड दिला की तुमच्या नावाने सगळ्या यादीला जाहिराती. २००५ मध्ये केल्व्हिर नावाचा व्हायरस याच वाटेने पसरला. तो यादीतल्या प्रत्येकाला लिंक पाठवायचा, आणि ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून लोक ती उघडायचे. त्या एप्रिलमध्ये रॉयटर्सला आपली मेसेजिंग सेवा काही काळ बंद ठेवावी लागली होती.

असो. लढाईकडे येऊ.

२२ जुलै १९९९ ला मायक्रोसॉफ्टने एमएसएन मेसेंजर आणला तेव्हा बाजार एओएलच्या ताब्यात होता. नवीन प्रोग्रामची अडचण तीच, जी अरट्टईची झाली: यादी रिकामी. मायक्रोसॉफ्टने युक्ती काढली. तुमचा एओएलचा आयडी-पासवर्ड इथेच टाका, तिकडची मंडळी इथेच दिसतील. एओएलने दुसऱ्या दिवशी हे बंद पाडलं. मायक्रोसॉफ्टने कोड बदलून पुन्हा चालू केलं. एओएलने पुन्हा बंद पाडलं. असं कित्येक वेळा झालं. मायक्रोसॉफ्टच्या बाजूने यावर काम करणारे डेव्हिड अवरबाक यांनी पुढे २०१४ मध्ये ही कथा सविस्तर लिहिली. एओएलने शेवटी काय करावं? स्वतःच्याच प्रोग्राममधल्या एका सुरक्षेच्या भोकाचा वापर केला. सर्व्हरवरून असा मजकूर पाठवायचा की खरा एओएल प्रोग्राम त्या भोकामुळे ठरावीक उत्तर देईल, आणि ज्यात ते भोक नाही तो नकली म्हणून पकडला जाईल! म्हणजे चोर ओळखायला स्वतःच्या घराची कडी मोडकी ठेवायची.

मायक्रोसॉफ्टही काही धुतल्या तांदळाचं नव्हतं. ऑगस्टमध्ये एका सुरक्षातज्ज्ञाला 'फिल बकिंग' नावाच्या कोणाचा ईमेल आला, एओएलच्या प्रोग्राममध्ये धोकादायक भोक आहे असं सांगणारा. तो मायक्रोसॉफ्टच्याच नेटवर्कवरून आला होता, हे उघड झालं. वर्ष संपेपर्यंत मायक्रोसॉफ्टने नाद सोडला. एओएलचं म्हणणं होतं की आमच्या ग्राहकांचे पासवर्ड परक्या कंपनीने का मागावेत? मुद्दा चुकीचा नव्हता. पण इतरांना रीतसर दरवाजा द्यायलाही ते तयार नव्हते.

हे सरकारपर्यंत गेलं. एओएल आणि टाइम वॉर्नर यांच्या विलीनीकरणाला जानेवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने मंजुरी दिली, तेव्हा एक अट घातली. व्हिडिओसारख्या पुढच्या पिढीच्या मेसेजिंग सेवा टाइम वॉर्नरच्या केबलवरून द्यायच्या असतील, तर आधी इतर कंपन्यांच्या मेसेंजरशी जोडणी करा. आयोगाने बोट कशावर ठेवलं होतं बघा: नावं आणि कोण हजर आहे याची नोंद, म्हणजे थोडक्यात यादी. ताकदीचं मूळ तिथे आहे हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. पण अट फक्त भविष्यातल्या सेवांना लागू होती, साध्या लिखित गप्पांना नाही. ऑगस्ट २००३ मध्ये बाजार बदलला म्हणत तीही काढून टाकली. पूर्ण शक्ती असलेल्या सरकारी यंत्रणेने रोग ओळखून औषध मात्र भलत्यालाच दिलं, असं माझं मत.

दुसरा मार्ग प्रोग्रामरांनी काढला. जानेवारी १९९९ मध्ये जेरेमी मिलर यांनी जॅबर जाहीर केलं. कल्पना ईमेलसारखी: कोणीही आपला सर्व्हर चालवावा, एका सर्व्हरवरच्या माणसाने दुसऱ्याशी बोलावं. २००४ मध्ये त्याचं रीतसर प्रमाणीकरण झालं. त्यातली यादी तर फारच विचारपूर्वक केलेली. तुम्ही त्याला पाहू शकता, तो तुम्हाला पाहू शकतो, दोघं एकमेकांना, किंवा कोणीच कोणाला नाही, अशा चार अवस्था स्पष्ट लिहिलेल्या.

ऑगस्ट २००५ मध्ये आलेला गूगल टॉक याच पायावर उभा होता, आणि २००६ पासून बाहेरच्या सर्व्हरांनाही खुला होता. त्याच वर्षी याहू आणि एमएसएनच्या याद्याही एकमेकींना जोडल्या गेल्या. वाटलं, आता सुटला प्रश्न. ऑफिसांमधून जीटॉकची ती छोटीशी खिडकी कोपऱ्यात उघडी असायची, साहेब आले की 'बिझी'चा लाल ठिपका. पण २०१२ अखेरीस याहू-एमएसएनची जोडणी तुटली आणि मे २०१३ मध्ये गूगलने हँगआउट्स आणताना ते दार बंद केलं.

मग एकेक दुकान आवरलं गेलं. एमएसएन स्काइपमध्ये विलीन झालं, आणि मे २०२५ मध्ये स्काइपही बंद झालं. एओएलचा मेसेंजर १५ डिसेंबर २०१७ ला संपला. त्यांनी वापरणाऱ्यांना स्पष्ट सांगितलं होतं की बडी लिस्ट उतरवून घेता येणार नाही. वीस वर्षं लोकांनी नाव-नाव करून भरलेली यादी! याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ ला गेला, आयसीक्यू २६ जून २०२४ ला.

व्हॉट्सअ‍ॅप काढणारे जॅन कूम आणि ब्रायन अ‍ॅक्टन हे दोघंही याहूत काम केलेले. २००९ मध्ये त्यांनी यादीची भानगडच काढून टाकली. आयडी नको, विनंती नको, फोनबुक हीच यादी. याहून सोपं काय असणार? आपल्या आजीलाही जमलं. पण त्या सोपेपणात एमएसएनचा तो प्रश्न, 'दिसू द्यायचं का?', गळून पडला. नंबर ज्याच्याकडे तो थेट दारात. कोणीही उचलून कोणत्याही ग्रुपमध्ये टाकायचं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्या अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होत्या. फक्त अ‍ॅपमुळे माणसं मारली गेली असं मी म्हणत नाही, हात माणसांचेच होते. पण कंपनीने भारतात फॉरवर्ड पाच जणांपुरतं मर्यादित केलं ते त्याच महिन्यात, आणि मला ग्रुपमध्ये कोण टाकू शकेल हे ठरवायचं सेटिंग आलं एप्रिल २०१९ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर. १९९९ साली जो प्रश्न आपोआप विचारला जायचा, त्याचं उत्तर आता सेटिंगमध्ये शोधत जाऊन द्यायचं.

आता आपल्या सरकारकडे वळू. मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय जानेवारी २०११ मध्ये देशभर झाली. २०१६ पासून यूपीआयमुळे एका अ‍ॅपवरून दुसऱ्या अ‍ॅपवाल्याला पैसे जातात, तू कुठलं अ‍ॅप वापरतोस असं भाजीवालीला कोणी विचारत नाही. म्हणजे हे आपल्याला जमतं. अरट्टईच्या वेळी श्रीधर वेंबू यांनीही मेसेजिंग यूपीआय-ईमेलसारखं एकमेकांना जोडलेलं असावं, असं जाहीरपणे म्हटलं होतं. युरोपने २०२२ च्या कायद्यात मोठ्या मेसेजिंग कंपन्यांवर तशी सक्ती केलीही.

आपल्याकडे न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये डेटा संरक्षण कायद्याचा मसुदा दिला, त्यात आपली माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०१९ च्या विधेयकातही होता. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्यात तो नाही. ते कलम गळलं तेव्हा चॅनेलवर कुठे वादावादी झाल्याचं मला तरी आठवत नाही. आपल्या खासदाराला कधी भेटलात, तर विचारा.