नाथसागराच्या उत्तर काठावरची माणसे आणि त्यांची नोंद

मराठवाड्याच्या इतिहासाचे लेखन होते, तेव्हा पैठणचे पान आरंभीच उघडते. सातवाहनांची प्रतिष्ठान नगरी, शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करणारे संत एकनाथ, पैठणी विणणारे कारागीर, या गोष्टी शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. परंतु याच पैठणपासून पश्चिमेकडे गंगापूर तालुक्यातील कायगावपर्यंत गोदावरीच्या उत्तर तीरावर जी गावे नांदत होती, त्यांचे गेल्या साठ वर्षांत काय झाले, हे मात्र फारसे कोणी लिहिलेले नाही. वाचकहो, आज आम्ही त्या काठाविषयी चार शब्द लिहिणार आहोत. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांची मुळे गोदाकाठच्या या पट्ट्यात आहेत, म्हणून हा विषय आपल्या घरचाच आहे.

प्रथम धरणाच्या नावाविषयी. जायकवाडी हे गाव पैठणजवळ नाही, ते बीड जिल्ह्यात आहे. हैदराबाद संस्थानच्या काळात गोदावरीवर धरण बांधण्याचा विचार झाला, तो त्या जायकवाडीपाशी. पुढे अभियंत्यांनी अधिक सोयीची जागा म्हणून नदीच्या वरच्या अंगाला पैठणची निवड केली. जागा बदलली, पण कागदावरील नाव तेच राहिले. ज्या गावाचे नाव धरणाला मिळाले, त्याच्यापाशी ते झाले नाही; आणि जी गावे त्या पाण्याखाली गेली, त्यांपैकी एकाचेही नाव धरणाला मिळाले नाही.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्याचे लोकार्पण केले. मध्यंतरी १९७२ चा भीषण दुष्काळ येऊन गेला होता. पाण्यासाठी दाही दिशा फिरलेल्या मराठवाड्याला हे धरण म्हणजे मोठाच आधार वाटला, आणि तो वाटणे रास्तच होते. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, सत्तावीस दरवाजे, एकूण साठा सुमारे १०२ अब्ज घनफूट. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२ किलोमीटर. या पाण्यावर जालना, परभणी, बीडपर्यंतची शेते भिजली. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, हे शहर आणि त्याचे कारखाने उभे राहिले तेही याच पाण्यावर. धरणाने अनेकांचे भले केले, हे प्रथमच मान्य करून मगच पुढचे बोलले पाहिजे.

या भल्याची किंमत जलाशयाखाली गेली. नाथसागराने सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर भूमी व्यापली. शंभरावर गावांना त्याची झळ लागली. काही पूर्णतः बुडाली, काहींची शिवारे गेली आणि घरे काठावर उरली. ही जमीन साधी नव्हती. गोदावरीने वर्षानुवर्षे आणून टाकलेल्या गाळाची ती काळी, कसदार मळई होती.

कायगावचेच उदाहरण घ्या. गोदावरी आणि प्रवरा यांच्या संगमापाशी, उत्तर तीरावर वसलेले हे जुने क्षेत्र. पलीकडच्या तीरावर नेवासे तालुक्यातील प्रवरासंगम आणि टोक्याचे सिद्धेश्वर मंदिर आहे. पेशव्यांना गुरुस्थानी असलेले आणि पुढे काशीत जाऊन राहिलेले नारायण दीक्षित पाटणकर हे कायगावचे म्हणूनच ओळखले जात. अशा गावालाही पाण्यापुढे सरकावे लागले. आज छत्रपती संभाजीनगर ते अहिल्यानगर या रस्त्याने जाणाऱ्यास जुने कायगाव आणि नवे कायगाव अशी दोन नावे ऐकू येतात. ‘जुने’ आणि ‘नवे’ या दोन विशेषणांत एका पिढीचे सारे आयुष्य मावलेले आहे.

येथे कायद्याची एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. धरणग्रस्तांचे पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य मानून महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला, तो १९७६ साली. म्हणजे ज्या वर्षी नाथसागराचे लोकार्पण झाले, त्याच वर्षी. तोपर्यंत येथील जमिनी १८९४ च्या ब्रिटिशकालीन भूसंपादन कायद्यान्वये घेतल्या जात होत्या. त्या कायद्याचा मुख्य विचार एवढाच होता, की जमीन कोणाची आणि तिची किंमत किती. ज्याच्या नावावर सातबारा, त्याच्या हाती मोबदला. परंतु गाव काय फक्त सातबारावाल्यांचे असते? सालगडी होते, बटाईने शेत करणारे होते, गावकीची कामे करणारे होते, नदीपात्रात टरबुजाच्या वाड्या लावणारे होते, नावाडी होते. त्यांचे पोट गावावर होते, पण त्यांचे नाव जमिनीच्या कागदावर नव्हते. गाव उठले तेव्हा त्यांची रोजीरोटीही उठली. तिचे मोजमाप करणारा रकाना मात्र कोणत्याही तक्त्यात नव्हता.

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी पुष्कळजण या दुसऱ्या वर्गातले, हे आपण जाणतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात संत फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाचे धर्मगुरू गोदाकाठच्या घोगरगावी आले, तेव्हा त्यांच्याभोवती जमली ती बहुतांशी गावकुसाबाहेरची माणसे. त्या काळातील जुन्या गावाच्या आठवणी गोडच असल्या पाहिजेत, असा आमचा आग्रह नाही. त्या गावात पाणवठे वेगळे होते, उठण्याबसण्याच्या जागा वेगळ्या होत्या. बुडालेल्या गावाविषयी लिहिताना हेही लिहिले पाहिजे. नाहीतर तो इतिहास होणार नाही.

आता सांप्रतच्या काठाकडे वळू. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळावर पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. एकेकाळी स्वतःची असलेली भूमी आता शासनाकडून हंगामापुरती मागून घ्यावी लागते. कहार आणि भोई समाजाची कुटुंबे रोहू, कटला यांची मासेमारी करतात. १९८६ मध्ये जलाशयाचा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. हिवाळ्यात दूरदेशीचे पाहुणे पक्षी येथे उतरतात. अलीकडे पाण्यावर तरंगत्या सौर पटलांची वीजयोजना पुढे आली, तेव्हा मासेमारीवर गदा येईल म्हणून कहार समाजाच्या पंच समितीने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २०२५ साली तेथेही ती फेटाळली गेली. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य. पण पाण्याने उठवलेल्या काठावर पाण्यानेच पोसलेल्या माणसांना पुन्हा ‘आमचे काय?’ असे विचारावे लागते, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

वृत्तपत्रांतून मात्र हा काठ क्वचितच दिसतो. पावसाळा लागला की रोज एक आकडा छापून येतो: ‘जायकवाडी इतके टक्के.’ त्या आकड्याला महत्त्व आहे, यात शंका नाही. १५ ऑक्टोबरला साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर नाशिक आणि अहिल्यानगरकडील वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशापासून ही रीत पडली आहे, आणि दर तुटीच्या वर्षी त्यावरून दोन्ही बाजूंचे शेतकरी अस्वस्थ होतात. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात हा आकडा शून्याखाली गेला. आणखी एक गंमत पाहा. शून्य टक्के म्हणजे तलाव कोरडा नव्हे. त्याही वेळी तळाशी सुमारे २६ अब्ज घनफूट पाणी असू शकते. मोजताना केवळ ‘उपयुक्त’ साठा धरतात. माणसांच्या बाबतीतही असेच मोजमाप झाले, असे आम्हास वाटते. जे ‘उपयुक्त’ रकान्यात बसले नाहीत, ते तळाशी असूनही शून्य ठरले.

मग त्यांची नोंद कोठे सापडेल? आमच्या मते एक ठिकाण आपल्याच हाताशी आहे. ते म्हणजे धर्मग्रामाच्या नोंदवह्या. १५६३ साली ट्रेंट येथील धर्मपरिषदेने विवाहांची आणि बाप्तिस्म्यांची नोंद ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. आजच्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतील ५३५ वे कलम तेच सांगते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळाचे, आईवडिलांचे, धर्ममातापित्यांचे नाव येते, आणि रिवाजाप्रमाणे गावही. ती व्यक्ती पुढे दूरच्या धर्मग्रामात विवाहबद्ध झाली, तर तेथून कळवले जाते आणि मूळ नोंदीच्या समासात ते लिहिले जाते. म्हणजे कोण कोठून निघाला आणि कोठे पोहोचला, याचा माग एका समासात राहतो. फ्रान्समध्ये लुई आँरी या अभ्यासकाने १९५० च्या दशकात अशाच नोंदवह्यांतून कुटुंबे जुळवून सामान्य शेतकऱ्यांचा इतिहास उभा केला. ज्यांनी आयुष्यात कधी सही केली नाही, त्यांचाही इतिहास लिहिता येतो, हे त्यावरून जगाला कळले.

ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्या सालगड्याच्या लेकराचे नाव तहसिलीतील जमिनीच्या दप्तरात शोधून सापडणार नाही. बाप्तिस्म्याच्या वहीत ते पाटलाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. आपल्या धर्मगुरूंनी केवळ संस्काराचे कर्तव्य म्हणून टाक चालवला. परंतु त्या टाकाने नकळत दुसरेही एक न्यायाचे काम केले.

मात्र या वह्यांना सर्व काही ठाऊक नाही. गाव कोणत्या पावसाळ्यात उठले, घराचे सर नि तुळया कोणी वाहून आणल्या, जुन्या स्मशानभूमीचे काय झाले, नव्या गावठाणात पहिले पाणी कोठून भरले, हे वहीत नाही. ते ज्यांना आठवते, ते १९७० च्या सुमारास विशीत होते. आज ते पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. दरवर्षी त्यांच्यातले काहीजण आपला निरोप घेत आहेत. आपला धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला, म्हणजे तो या जलाशयाहून थोडासाच धाकटा. धर्मप्रांताच्या सुवर्णमहोत्सवाचे वर्ष उजाडेल तेव्हा मंडप, स्मरणिका, सत्कार हे सारे होईलच. त्या स्मरणिकेत या काठाची पाने असावीत, असे आम्हास मनापासून वाटते.

यासाठी फार मोठी यंत्रणा नको. नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणार्थ पाळतो, कबरींवर मेणबत्त्या लावतो. त्या महिन्यात प्रत्येक कुटुंबातील शिकलेल्या मुलाने वा मुलीने घरातील वडीलधाऱ्यांपाशी बसावे आणि चार गोष्टी लिहून घ्याव्यात: जुन्या गावाचे नाव व घराची जागा, गाव सोडल्याचे साल, सोबत निघालेली कुटुंबे, आणि मागे राहिलेल्या कबरींतील माणसांची नावे. आजीला साल आठवले नाही, तर तेव्हा कोणाचे लग्न झाले वा कोण जन्मले ते विचारावे; पुढचे काम नोंदवही करील. शेजारचे हिंदू, मुस्लिम वा बौद्ध कुटुंब सांगावयास तयार असेल, तर त्यांचेही लिहावे. पाण्याने धर्म विचारला नव्हता. वही कोरीच असावी आणि अक्षर सुवाच्य असावे. लिहिलेल्याची एक प्रत घरी ठेवावी व एक आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात आणून द्यावी.