मराठी बायबल : भाषांतरांवरील मतभेद
पवित्र शास्त्राचे कोणते मराठी भाषांतर ग्राह्य मानावे, याविषयी ख्रिस्ती समाजातील मतभेद. विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने केलेला नवा करार 1811 मध्ये श्रीरामपूरहून मोडी लिपीत निघाला. पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांनी नवी भाषांतरे केली आणि बायबल सोसायटीची आवृत्ती प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रुळली.

तिच्यावरील सर्वांत सखोल आक्षेप पंडिता रमाबाईंचा. ही मराठी संस्कृतप्रचुर असून हिंदू धर्मकल्पनांचा रंग असलेले शब्द मूळ अर्थ झाकतात, असे त्यांचे मत होते. साध्या स्त्रियांना वाचता यावे म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीने संपूर्ण बायबल भाषांतरित केले. संस्कृतच्या या विदुषीने संस्कृतप्रचुरता नाकारावी, यातच त्या आक्षेपाचे वजन आहे. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले; ग्रंथ 1924 मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधून प्रकाशित झाला. मंडळ्यांतील उपासनेत मात्र जुन्या आवृत्तीचेच स्थान टिकले.

मतभेदाला भाषेखेरीज पंथाचीही बाजू आहे. उदाहरणार्थ, छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबाद) प्रॉटेस्टंट उत्तर भारतीय चर्चच्या मराठवाडा धर्मप्रांताचे आणि 1977 मध्ये स्थापन झालेल्या कॅथलिक धर्मप्रांताचे केंद्र आहे. पण दोन्ही पंथांचे बायबल सारखे नाही: प्रॉटेस्टंट बायबलात 66, तर कॅथलिक बायबलात 73 पुस्तके असतात. कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आधुनिक बोलीजवळ जाते.