धूळ, सांधे आणि रक्तातील खूण

धुळीचे दुखणे म्हणजे छातीचे दुखणे, असा आपला समज आहे. तो खोटा नाही. पण अपुरा आहे. श्वासावाटे आत गेलेली धूळ फुप्फुसात बसते आणि तिचा उपद्रव पुढे सांध्यांत, कातडीत उमटू शकतो, हे वैद्यकाला कळावयास बराच काळ लागला. ही हकीकत वालूरला सांगावी असे आम्हांस वाटते. येथील चक्राकार बारव दगड घडवणाऱ्या हातांची आठवण देते, आणि सेलू-परभणीचा सारा मुलूख कापसाचा आहे.

प्रथम दगड. 1914 साली एडिंबरोचे डॉक्टर बायरम ब्रॅमवेल यांनी कातडी ताठर करणाऱ्या स्क्लेरोडर्मा या दुर्मीळ रोगाचे नऊ रोगी नोंदले. त्यांतले पाच पाथरवट निघाले. गार छिन्नी सतत हाती धरल्याने असे होत असावे, हा त्यांचा कयास. कयास टिकला नाही. पण रोग्याचा धंदा त्यांनी विचारला आणि लिहून ठेवला, हे काम टिकले. 1953 साली वेल्समध्ये अँथनी कॅप्लन यांना संधिवाताने पीडित कोळसा-कामगारांच्या फुप्फुसांत विशिष्ट गोल गाठी आढळल्या. 1957 साली इरॅस्मस यांनी दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींतून पुन्हा स्क्लेरोडर्माचीच वार्ता दिली.

घडते ते असे. फुप्फुसातील रक्षक पेशी सिलिकेचा कण गिळतात, पण तो पचत नाही. त्या मरतात, आतली द्रव्ये सांडतात, दाह धुमसत राहतो. त्यात शरीराच्याच काही प्रथिनांचे रूप पालटते आणि राखणदार घरच्या माणसालाच परका समजू लागतो. त्याने तयार केलेली प्रतिपिंडे रक्तात सापडतात. संधिवातातील अशी पहिली खूण ओस्लोच्या एरिक वालर यांनी 1940 साली पाहिली. पुढे 2003 साली स्वीडनमध्ये साठवणीतले जुने रक्त तपासले, तेव्हा दुसऱ्या एका जातीची प्रतिपिंडे सांधे धरण्याच्या काही वर्षे आधीच रक्तात हजर होती, असे दिसले! 2017 साली कॅनडातील क्वेबेक प्रांतातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच प्रतिपिंडांचा संबंध मोठ्या कारखान्यांच्या धुराशी आणि त्यांच्या शेजाराशी आढळला. म्हणजे प्रश्न कामगारापुरता उरला नाही. अर्थात खूण म्हणजे रोग नव्हे. ती असूनही कित्येकांस रोग होत नाही.

आता घराकडे वळू. आपल्या काळ्या पाषाणात मुक्त सिलिका फार थोडी असते. तेव्हा स्कॉटलंडच्या वाळूखडकाचे भय बारवेच्या पाथरवटास जसेच्या तसे लावू नये. कोल्हापूरच्या ओतकारखान्यांतील साच्याची वाळू मात्र बहुतांशी सिलिकाच. आणि कापूस? 2016 साली मलेशियातील अभ्यासात सुती-कापडी धुळीत काम केलेल्या स्त्रियांत संधिवाताचे प्रमाण अधिक आढळले; विशिष्ट आनुवंशिक ठेवण असलेल्या स्त्रियांत तर फारच. तो अभ्यास जिनिंगचा नव्हता, हे खरे. पण रुईच्या तुसात दिवस काढणाऱ्या आमच्या बायांविषयी तो प्रश्न विचारण्यास पुरेसा आहे.

मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. कामतांनी लालबाग, चेंबूर व खार येथील हवेचा आणि आरोग्याचा अभ्यास 1970 नंतरच्या दशकात केला. ते काम फार मोलाचे. त्याचा रोख श्वसनावर होता, आणि त्या काळी तसा असणे साहजिकच होते. कायद्याचीही दृष्टी छातीवरच. 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस आणि कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस हे कळवावयाचे रोग म्हणून आले. संधिवात आला नाही. परिशिष्टात नसलेल्या दुखण्याची भरपाई मागावी कोणी आणि कशाच्या आधारावर?

शिवाय आपल्याकडे या दुखण्याला 'वात' हे तयार नाव आहेच. जिनिंगमध्ये हंगाम काढलेल्या बाईची बोटे सकाळी तासभर आखडून राहिली, तर घरचे तेल चोळतात, वय झाले म्हणतात. ती डॉक्टरांकडे गेलीच, तरी केसपेपरवर धंद्याच्या जागी 'घरकाम' एवढेच लिहिले गेले, तर ब्रॅमवेल यांनी 1914 साली जे टिपले ते तिच्या बाबतीत कोणालाच टिपता येणार नाही.